नऊ पत्ते, वाटीभर चिंचोके आणि १७२० सालचं एक चोरलेलं गलबत

आधी वाटीभर चिंचोके शोधा. बाकी सगळं घरात असतंच, पत्त्यांचा एक कॅट, लुडोच्या डब्यातला फासा, पाठकोरे कागद, पेन्सिली. पण चिंचोके आजकाल पटकन मिळत नाहीत, आईकडे नाहीतर सासूबाईंकडे विचारा, त्यांनी चिंच फोडून ठेवली असेल तर निघतील. नसलेच तर कवड्या किंवा जुन्या शर्टांची बटणं चालतील पण शेंगदाणे अजिबात नकोत. आम्ही पहिल्या वेळी शेंगदाणे घेतले होते आणि खेळ निम्म्यावर यायच्या आत अर्धी लूट पोटात गेलेली, त्यात जी कॅप्टन होती तिनेच सगळ्यात जास्त खाल्ली.

तर खेळ काय आहे ते सांगते. चार-पाच जणी टेबलाभोवती बसून मिळून एक गोष्ट रचायची. प्रत्येकीकडे त्या गोष्टीतली एक बाई, एक जण सूत्रधार, आणि कुठे अडलं की फासा टाकायचा. याला रोल प्लेइंग गेम म्हणतात आणि त्याची जाडजाड नियमपुस्तकं विकत मिळतात, ती काही लागत नाहीत. भातुकली खेळलात ना लहानपणी, तेच आहे हे, फक्त कुकर-कपबशीच्या जागी पिस्तूल. आमचा खेळ तीन तासात होतो, चहाचा ब्रेक धरून साडेतीन.

गोष्टीची जागा मात्र खरी आहे आणि ती खेळायच्या आधी सगळ्यांना पाच मिनिटांत सांगायची, म्हणजे इथे मी सांगते तेवढी. २२ ऑगस्ट १७२० ला अमेरिकेजवळच्या बहामा बेटांतल्या नसाऊ बंदरातून विल्यम नावाचं एक स्लूप चोरीला गेलं. स्लूप म्हणजे एका डोलकाठीचं चपळ गलबत, आणि हे तर फारच लहान, साधारण १२ टनांचं, चार तोफा आणि दोन छोट्या फिरत्या तोफा. चोरणारा जॉन रॅकम, ज्याला कॅलिको जॅक म्हणतात, त्याच्यासोबत काही माणसं आणि दोन बायका, ॲन बॉनी आणि मेरी रीड. पुढचे दोन महिने हे लोक बहामा, हिस्पॅनिओला (आजचं हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक) आणि जमैकाच्या किनाऱ्याने लूटमार करत फिरले आणि ऑक्टोबर संपता संपता जमैकाच्या पश्चिम टोकाला नेग्रिलपाशी पकडले गेले. एवढंच. जगातल्या सगळ्यात फेमस चाचे बायकांची एकत्र कारकीर्द जेमतेम नऊ आठवडे! आमचा खेळ पण म्हणूनच नऊ पत्त्यांचा आहे.

खजिना, नकाशा, खांद्यावरचा पोपट हे सगळं डोक्यातून काढून टाका. कोर्टात लूट म्हणून काय काय सांगितलं गेलं ते बघा: सात मासेमारी होड्यांवरून मासे आणि मासेमारीचं सामान, किंमत दहा पौंड. एका स्कूनरवरून, म्हणजे जरा मोठ्या शिडाच्या गलबतावरून, तंबाखूच्या ५० गुंडाळ्या आणि ऑलस्पाईस नावाच्या मसाल्याची नऊ पोती. म्हणजे वाण्याची यादी झाली ही. गळ्याभोवती दोर पडेल एवढी जोखीम कोणी दहा पौंडांच्या मासळीसाठी घेत नाही, मग ह्या दोघी कशासाठी गेल्या असतील हे शोधायला आपण टेबलाशी बसतो. सोन्याच्या मागे लागलात की खेळ दीड तासात कंटाळवाणा होतो, करून बघितलंय.

आता बसायचं कसं. सूत्रधार जी होईल तिला आम्ही दर्या म्हणतो. वारा, पाऊस, समोरून येणारी गलबतं, रॅकम, गव्हर्नर, सगळं दर्या बोलणार. पहिल्या वेळी दर्या तिलाच करा जिला फोनवर लांबलचक किस्से सांगायची सवय आहे, असते एक प्रत्येक ग्रुपात. ॲन आणि मेरी पण शक्यतो दर्याकडेच ठेवा. आमच्यात सगळ्यांनाच ॲन व्हायचं होतं आणि त्यावरून वीस मिनिटं गेली. आपापली नवी बाई बनवा, ती त्याच गलबतावर ॲन-मेरीसोबत आहे असं धरा. खऱ्या विल्यमवर बायका दोघीच होत्या, आपण आणखी चार चढवतोय, पण इतकी सूट गोष्टीला असते.

त्याच्या आधी एक छोटं पण महत्त्वाचं काम. एकेक चिठ्ठी घ्या आणि प्रत्येकीने नाव न घालता लिहा की आज टेबलावर काय नको. दर्याने चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या, कोणी लिहिलं का लिहिलं विचारायचं नाही, ते विषय गोष्टीत येणार नाहीत, विषय संपला. हे लाजून टाळू नका, चार जणी हसतखेळत बसलेल्या असतात आणि एखादीच्या आयुष्यातलं काहीतरी अचानक गोष्टीत येऊन आदळतं, मग पुढे कोणाचंच लक्ष लागत नाही. आणि अजून एक, ह्या बेटांवर तेव्हा गुलामांचा बाजार भरत होता, जमैकाची साखर त्यांच्याच जिवावर पिकायची. चाच्यांच्या टोळ्यांमधे पळून आलेले गुलाम होते तसे पकडलेल्या माणसांना विकून पैसे करणारे चाचेही होते. आमचा नियम असा की आपल्या गलबताने कोणा माणसाला विकायचं नाही, पण तो बाजार तिथे नाहीच असंही दाखवायचं नाही. तुम्ही तुमचं ठरवा, मात्र खेळाच्या आधी.

मग प्रत्येकीने कागदावर चार ओळी लिहायच्या.

पहिली ओळ नाव. दुसरी, किनाऱ्यावर काय टाकून आलीस. इथे "स्वातंत्र्य पाहिजे म्हणून आले" असं लिहू देऊ नका, त्यातून काही खेळता येत नाही. नेमकं पाहिजे. चार-सात वर्षांच्या करारावर चाकरीला आणलेली आणि मुदत संपायच्या आत पळालेली मोलकरीण. १६९२ च्या भूकंपात जमैकातल्या पोर्ट रॉयल शहराचा मोठा भाग समुद्रात गेला तेव्हा लहान होती, आता पस्तिशीची, तिथलीच खलाशाची विधवा. धोबीण, दारूच्या गुत्त्यावर वाढणारी, नवऱ्याला न सांगता निघालेली. त्या वेळच्या इंग्लिश कायद्यात लग्न झालेल्या बाईची कमाई नवऱ्याची धरत, म्हणजे धुणं हिने धुवायचं आणि पैसे त्याने मोजायचे, हे माहीत असलं की दुसरी ओळ आपोआप सुचते.

तिसरी ओळ, तुला काय येतं. एकच गोष्ट, आणि तीही बारीक. "शूर आहे" नको. शिडाला असे टाके घालते की वारा सुटत नाही, हे चालेल. थोडं स्पॅनिश येतं, चालेल. खोटं रडू येतं, हे तर फारच उपयोगी पडतं. आमच्या बँकवालीने लिहिलं होतं "मोजमाप चुकत नाही", आम्ही हसलो, पण लूट वाटायच्या वेळी तिच्याशिवाय पान हललं नाही.

चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची, तिला वेळ द्या. डावीकडे बसलेलीचं तुझ्यावर काय देणं आहे, म्हणजे तिने तुझ्यासाठी काय केलंय, हे लिही आणि मोठ्याने वाच. उजवीकडे बसलेलीपासून काय लपवतेयस हे पण लिही, ते मात्र फक्त दर्याला दाखव. मागच्या खेळात माझ्या धाकट्या नणंदेने डावीकडच्या बँकवालीबद्दल लिहिलं, हिने मला पोहायला शिकवलं. आणि उजवीकडे होते मी, माझ्याबद्दल लिहिलं की हिच्या भावाचं पत्र आलं होतं, परत ये म्हणून, ते मी चुलीत घातलं. तिसऱ्या-चौथ्या पत्त्यापर्यंत मला काही पत्ता नाही. मग वादळात मी दोर धरून उभी आहे, दुसरं टोक नणंदेच्या हातात आणि दर्या शांतपणे तिला विचारते, आत्ता सांगणार का नाही? टेबलावर एकदम शांतता. तलवारबाजीचे दहा सीन केले तरी असं होत नाही.

कपड्यांबद्दल एक गैरसमज काढून टाकते कारण सगळ्याजणी पहिल्यांदा "मी पुरुष असल्याचं सोंग घेतलंय" असंच लिहितात. मेरी गलबतावर पुरुषवेषात लपून होती, ॲनचा तिच्यावर जीव जडला, मग रॅकमला संशय आणि मग खुलासा, ही गोष्ट १७२४ साली लंडनमधे छापून आलेल्या चाच्यांच्या चरित्रांच्या पुस्तकातली आहे, वाचायला मस्त आहे. पण बहामाचा गव्हर्नर वुड्स रॉजर्स याने ५ सप्टेंबर १७२० ला, म्हणजे चोरीनंतर दोनच आठवड्यांत, जो जाहीरनामा काढला त्यात दोघींची नावं सरळ लिहिलीत, दोन बायका म्हणून. सगळ्या नसाऊला माहीत होतं मग लपवलं कोणापासून? पुढे खटल्यात दोन फ्रेंच माणसांनी साक्ष दिली की गलबत दिसलं, पाठलाग किंवा हल्ला करायचा झाला की ह्या दोघी पुरुषी कपडे घालत आणि एरवी बायकांचे. म्हणजे सोंग नाही हो, कामाचे कपडे. आपल्याकडे बाया शेतात खुरपायला जाताना साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवतात, तसंच.

(हा रॉजर्स स्वतः आधी सरकारी परवाना घेऊन स्पॅनिश जहाजं लुटत जगाला फेरी मारून आलेला, परवाना असला की दर्यावर्दी आणि नसला की चाचा. त्याच काळात इकडे मुंबईचे इंग्रज कान्होजी आंग्र्यांना पायरेट म्हणत होते, सरखेल म्हणजे आरमाराचे प्रमुख होते ते मराठ्यांचे, आणि १७१८ ला खांदेरीचा किल्ला घ्यायला गेलेले इंग्रज हात हलवत परत आले. पण म्हणून रॅकमला आंग्र्यांच्या पंगतीला बसवू नका, तो बिचाऱ्या कोळ्यांची जाळी पळवणारा माणूस होता.)

आता कलमं. इथे घाई करू नका, चहा करून घ्या. चाच्यांच्या टोळ्या निघण्याआधी आपले नियम लिहून त्यावर सही-अंगठा घेत. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स नावाच्या कॅप्टनच्या टोळीची कलमं त्याच १७२४ च्या पुस्तकात छापलेली आहेत आणि ती वाचून मला वाटलं हे तर सोसायटीच्या मीटिंगचं प्रोसीडिंग आहे. प्रत्येकाला एक मत. ताजं अन्न आणि दारू यावर सगळ्यांचा सारखा हक्क. रात्री आठला दिवे बंद, त्यानंतर प्यायची असेल तर वर डेकवर जाऊन प्या. पैसे लावून पत्ते किंवा फासे खेळायचे नाहीत. पिस्तूल-तलवार साफ ठेवा. भांडण गलबतावर नाही, किनाऱ्यावर उतरून मिटवा. हात किंवा पाय गेला तर सामायिक पैशातून ८०० स्पॅनिश नाणी भरपाई. लुटीत कॅप्टन आणि क्वार्टरमास्टरला (म्हणजे गलबतावरचा कारभारी) दोन वाटे, साध्या खलाशाला एक, म्हणजे मालकाला शंभर आणि गड्याला अर्धा असा हिशोब नाही. आणि त्यातच एक कलम असंही की बाई गलबतावर नाही, वेष बदलून आणली तर आणणाऱ्याला मृत्युदंड.

हे शेवटचं कलम मोठ्याने वाचा आणि मग कोरा कागद टेबलाच्या मधे ठेवा. आता लिहा तुमची. जास्तीत जास्त सात, प्रत्येकीचं निदान एक, आणि सगळ्यांचं मत पडल्याशिवाय एकही पास नाही. सुरुवातीला सगळ्या गंमत करतात, "भांडी कोणी घासायची" वगैरे, करू द्या. मग कोणीतरी असं काहीतरी म्हणतं की पेन्सिल थांबते. आमच्या एका खेळात सगळ्यात गप्प बसणाऱ्या मैत्रिणीने लिहायला सांगितलं, "कोणाला घरी परत जावंसं वाटलं तर तिला विचारायचं नाही, जवळच्या किनाऱ्याला सोडायचं." त्यावर मतदान झालं, तीन विरुद्ध एक, आणि जी विरोधात होती तिने मग अख्खा खेळ त्या कलमाशी भांडत काढला. तुमच्या गोष्टीत जी काही मोकळीक आहे ती ह्या कागदात आहे, तोफेत नाही. कागद दर्याच्या हातात देऊ नका, टेबलाच्या मधेच राहू द्या, आणि एखादं कलम मोडलं गेलं तर त्यावर पेन्सिलीने काट मारा, खोडरबर नको.

कॅप्टन आणि क्वार्टरमास्टर मतानेच निवडायचे. रॅकम तरी तिथे कसा पोचला, तो आधी चार्ल्स व्हेन नावाच्या कॅप्टनचा क्वार्टरमास्टर होता, नोव्हेंबर १७१८ मधे व्हेनने एका फ्रेंच युद्धनौकेला बघून माघार घेतली, दुसऱ्या दिवशी टोळीने मत घेऊन त्याला भित्रा ठरवलं, खाली उतरवलं आणि रॅकमला वर बसवलं. कॅप्टनचा शब्द फक्त पाठलागात आणि लढाईत चालतो, एरवी वाटे करणं, रेशन देणं, भांडणं सोडवणं हे क्वार्टरमास्टरचं. आमच्या खेळात कोणीही कधीही एक चिंचोका मधे टाकून मतदान मागू शकते. कॅप्टन बदलणं, कलम बदलणं, कुठे जायचं, काहीही. चिंचोका परत मिळत नाही त्यामुळे उगाच कोणी टाकत नाही.

प्रत्येकीला सुरुवातीला पाच चिंचोके, उरलेले वाटीत. पत्ते पिसा, नऊ पत्ते उपडे एका रांगेत मांडा. एक पत्ता म्हणजे एक आठवडा. दर्या पत्ता उलटते आणि सीन सुरू करते:

बदाम आला तर गोष्ट गलबतावरच्या दोन बायकांमधली. देणं फेडायची किंवा लपवलेलं बाहेर यायची वेळ. रॅकम आजारी, वारा पडलेला, काही घडत नाही असे दिवस, तेच घ्या.
चौकट म्हणजे समोर गलबत किंवा होडी, लुटायचं का सोडायचं.
किलवर म्हणजे दर्या स्वतः. वादळ, गळती, पिण्याचं पाणी संपलं, डोलकाठीला तडा. छोट्या गलबतावर सगळं अंगावर येतं.
इस्पिक म्हणजे कायदा मागावर. लांबवर शीड दिसतं, बंदरात जाहीरनामा लागलेला असतो, कोणीतरी ओळखतं.
आणि राजा, राणी, गुलाम आले तर त्या रंगाच्या सीनमधे एक नवीन माणूस येतं, नाव दर्याने द्यायचं.

गुलामाच्या पानासाठी एक खरी गोष्ट तयार ठेवा, वापरता येते. पकडले जायच्या थोडंच आधी रॅकमने कासवं धरणाऱ्या नऊ जणांना वाडगाभर पंच (दारू घातलेलं सरबत) प्यायला गलबतावर बोलावलं. ते आले. त्याच वेळी सरकारी माणसं आली आणि ते नऊही धरले गेले, पुढच्या जानेवारीत त्यांच्यावर चाचेगिरीचा खटला चालला आणि निदान सहा जणांना तरी फासावर चढवलं. एक पेला पंचचा! तुमच्या गलबतावर पाहुणा आला की दर्याने हे लक्षात ठेवून त्याला जरा प्रेमाने रंगवावं.

फासा असा: कठीण काही करायचं असेल तर टाका. १-२ आलं, बिघडलं. ३-४ आलं तर जमलं पण काहीतरी मोजावं लागलं, चिंचोका किंवा जखम किंवा कोणाचा तरी विश्वास, दर्या ठरवेल. ५-६, मस्त जमलं. आता आमचा आवडता नियम, "हात दे". दुसरी कोणी मदत करणार असेल तर तिने आधी दोघींची एक जुनी आठवण सांगायची, दोन वाक्यात, आत्ता रचलेली. मग आकड्यात एक वाढतो. पण बिघडलं तर दोघींचं बिघडतं. सुरुवातीला सगळ्या हिशोब करतात, हात देऊ का नको, पाचव्या पत्त्यापर्यंत हिशोब विसरतात आणि आठवणी इतक्या होतात की त्या बायका खरंच एकमेकींना वीस वर्षं ओळखतात असं वाटायला लागतं. माझी नणंद आणि मी एरवी जेमतेम दिवाळीला बोलायचो, हे सांगायला नको होतं पण सांगितलं.

एक सीन मात्र पत्त्यांवर सोडू नका, चौकटचं दुसरं पान येईल तेव्हा हाच करा, नाहीच आलं तर सातव्या आठवड्यात. जमैकाच्या उत्तर किनाऱ्याला डोरोथी थॉमस नावाची बाई होडीतून सामान घेऊन चालली होती. विल्यमने तिला गाठलं, होडीतलं बरंचसं सामान काढून घेतलं. खटल्यात तिने साक्ष दिली की ॲन आणि मेरी दोघी पुरुषी जाकीट, लांब तुमानी घालून डोक्याला रुमाल बांधून होत्या, दोघींच्या हातात एकेक कोयता आणि पिस्तूल, छातीवरून तिने ओळखलं की ह्या बायका आहेत. आणि पुढे तिने सांगितलं की दोघी बाकीच्या पुरुषांना शिव्या देऊन सांगत होत्या, हिला मारून टाका, नाहीतर ही उद्या आपल्याविरुद्ध उभी राहील. पुरुषांनी मारलं नाही. डोरोथी कोर्टात उभी राहिली.

हे वाचल्यावर मला दोन दिवस ॲन-मेरी आवडेनात. मग वाटलं की खेळात हेच पाहिजे, कारण मैत्री, मोकळा समुद्र, वारा असं सगळं गोड गोड चाललेलं असताना एक बाई होडीत बसलेली असते, तिचे तांदूळ-मीठ जे काही असेल ते तिचं असतं, आणि ती तुमच्याकडे बघत असते. दर्याने हा सीन हळू चालवायचा. डोरोथीला बोलू द्या. तिला घर आहे, तिने ओळखलंय, ती घाबरलीय पण मूर्ख नाही. खऱ्या खेळाडूंना विचारा, ॲन म्हणते मारा, तुम्ही काय म्हणता? मतदान घ्या, कलमांचा कागद समोर आहेच. आमच्याकडे एकदा तिला सोडलं, एकदा सोडून वर तिचं सामान परत केलं आणि तंबाखूची गुंडाळी दिली (ती नंतर पुरावा म्हणून कोर्टात आली, आमची दर्या फार दुष्ट आहे), आणि एकदा अशी भांडणं झाली की कॅप्टन बदलली. फासा इथे वापरू नका.

नववा पत्ता कुठलाही असो, उलटला की नेग्रिल. रात्रीची वेळ, जोनाथन बार्नेट नावाचा माणूस हत्यारबंद स्लूप घेऊन जवळ येतो, हाक देतो, कोण आहात? रॅकमकडून उत्तर जातं, मग फिरती तोफ, मग तिकडून मारा आणि विल्यमचं शीड कोसळतं. १७२४ चं पुस्तक म्हणतं की पुरुष खाली लपले आणि वर डेकवर लढायला ॲन, मेरी आणि आणखी एकच जण उरला. तुम्ही हे मानलंच पाहिजे असं नाही. खेळात दर्याने फक्त एवढं विचारायचं, कोण वर राहतं? एकेकीने उत्तर द्यायचं, डावीकडून सुरू करून. जिंकायचा फासा नाही, पकडले जाणारच. हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, पहिल्याच मिनिटाला सांगा, लपवू नका. आम्ही एकदा लपवलं होतं तर शेवटी दोघी रुसल्या, "मग एवढं सगळं कशाला केलं" म्हणाल्या. आधी माहीत असलं की उलट होतं, नऊ आठवडेच आहेत म्हणून बायका आठवडे वाया घालवत नाहीत.

कोणाला तुरुंग-फाशी नको असेल, चिठ्ठीत लिहिलं असेल तर इथेच थांबा, हरकत नाही. नाहीतर कोर्टाचा एक छोटा सीन घ्या. रॅकमला १८ नोव्हेंबरला पोर्ट रॉयलला फाशी झाली, प्रेत लोखंडी पिंजऱ्यात घालून एका छोट्या बेटावर टांगलं, त्या बेटाला आजही रॅकमचं नाव आहे. दोघींचा खटला २८ नोव्हेंबर १७२० ला, आज ज्याला स्पॅनिश टाउन म्हणतात तिथे. शिक्षा फाशीची. ती सुनावल्यावर दोघींनी सांगितलं की आम्ही पोटुशी आहोत, आणि इंग्लिश कायद्यात अशा बाईची फाशी बाळंतपणापर्यंत थांबवत. थांबली. मेरी तुरुंगात गेली, म्हणजे वारली, २८ एप्रिल १७२१ ला तिच्या दफनाची नोंद आहे. ॲनची फाशीची नोंद नाही.

तर शेवटची फेरी: प्रत्येकीने एकेका वाक्यात सांगायचं की पुढे काय झालं, पण स्वतःच्या बाईचं नाही, डावीकडचीच्या बाईचं. आणि जिच्याकडे सगळ्यात जास्त चिंचोके उरले असतील तिने ॲनचं सांगायचं. आमच्या बँकवालीने तिला अमेरिकेतल्या कॅरोलिनात कापडाचं दुकान टाकून दिलं, हिशोबाच्या वहीसकट. शेजारच्या काकू पहिल्यांदाच खेळायला आल्या होत्या, त्यांनी तिला परत नसाऊला नेलं, त्याच बंदरात, दुसरं गलबत बघायला.

पुढच्या महिन्यासाठी दर्या बदला आणि पाहिजे तर पाणीही बदला. दक्षिण चीनच्या समुद्रात झेंग यी साओ होती, १८०७ ला नवरा गेल्यावर त्याचा अख्खा ताफा तिने चालवला आणि १८१० ला सरकारशी वाटाघाटी करून सुटली, १८४४ पर्यंत जगली. तिथे नऊ पत्ते पुरणार नाहीत, अख्खा कॅट लागेल, आणि चिंचोके तर किलोभर. आमच्या सासूबाईंना सांगून ठेवलंय.